पाहुण्याचं वजन

१

सकाळी मिलचा दुसरा भोंगा झाला की नागप्पा तोलार बेडकाचं वजन करी.

शुक्रवार पेठेत त्या उन्हाळ्यात ही गोष्ट दहा जणांनी दहा वेळा हसून सांगितली असेल, आणि हसणाऱ्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही. ज्या माणसानं पंचवीस वर्षं बाजारात गूळ, मिरची, शेंगा, ज्वारी तोलली, ज्याच्या एका हाकेवर पोत्यांचे डोंगर इकडचे तिकडे झाले, तो गृहस्थ सोप्यातल्या तुळईला टांगलेल्या लहान तराजूत ओल्या फडक्यात गुंडाळलेला बेडूक ठेवतो, समोरच्या पारड्यात फडक्याचं वजन फिटावं म्हणून, धडा म्हणून, तेवढंच ओलं फडकं टाकतो, आणि त्यावर पितळी वजनं एकेक करून चढवतो. बघणाऱ्याला हसू येणारच.

पण नागप्पाची हाक ही काय चीज होती, ते आधी सांगायला हवं. बाजाराची रीत अशी की दांडी सरळ झाली की तोलारानं मोठ्यांदा हाक द्यायची. आधी मालकाचं नाव, मग माल, मग वजन. देणारा ऐकतो, घेणारा ऐकतो, आणि हाक गेली ती गेली. ती फिरत नाही. 'एक' असं तोंडानं म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. एकदा माढ्याच्या एका शेतकऱ्याची मिरची तोलताना नागप्पाला ऐन वेळी शिंक आली आणि एकोणचाळीस शेरांच्या जागी एक्केचाळीसाची हाक गेली. घेणारा व्यापारी ओरडायला लागला. नागप्पा उठला. आपल्या दुकानातून दोन शेर मिरची आणली, पोत्यात ओतली आणि म्हणाला, "आता झाली का हाक खरी?" ती ओतलेली मिरची अशी उडाली की अख्खा बाजार संध्याकाळपर्यंत शिंकत होता.

अशा माणसाची बायको सिद्धम्मा. माघात तिला मुदतीचा ताप आला. चाळीस दिवसांनी ताप गेला, आणि जाताना भूक घेऊन गेला. घास तोंडात फिरायचा, फिरायचा, आणि शेवटी ती तो हातात काढून ठेवायची. डॉक्टर म्हणाले, "माझं औषध संपलं. आता महिना-दीड महिना रोज पोटात अन्न गेलं तर बाई तुमची. नाहीतर मला बोलावू नका." दवाखान्यातून घरी आणल्यावर टांग्यातून उतरवताना नागप्पानं तिला दोन्ही हातांवर घेतलं. पंचवीस वर्षांचे तोलाराचे हात. न विचारता सांगून मोकळे झाले. एक मण. चाळीस शेर, वर काही नाही.

चैत्रात परसातल्या आडाचा गाळ काढला. सिद्धम्माला उन्हाला म्हणून मागच्या पडवीत बाजेवर निजवलं होतं. तिसऱ्या घमेल्यातून गाळासोबत तो बेडूक पडला. मोठ्या जातीचा, म्हणजे हाडापेरानं मोठा. पण अंगावर मास नाही. थोरल्या भावाचा सदरा धाकट्यानं घालावा तशी कातडी लोंबत होती. कमरेची दोन हाडं वर आलेली. फक्त डोळे तेवढे सोन्याच्या पाण्याचे.

गाळ काढणारा त्याला फावड्यावर घेऊन भिंतीपलीकडं भिरकावणार, तोच सिद्धम्मा दोन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलली.

"टाकू नका त्येला. माझ्यावानीच झालंय की वो ह्ये." मग हसली. "पावणं हाय आपलं. ह्ये जेवलं तर मी जेवीन."

नागप्पानं ते शब्द पकडले. सौदा ठरावा तसे पकडले.

२

लिंगायताचं घर. कांद्याला हात लावताना विचार करणारं. त्यात आता बेडकाला काय घालायचं?

नागप्पानं पहिल्या दिवशी भिजवलेली डाळ ठेवली, दुसऱ्या दिवशी दूधभात. बेडूक परातीतल्या ओल्या वाळूवर बसून समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. तिसऱ्या दिवशी पखाल घेऊन नबीसाब भिस्ती आला. हा पेठेतल्या निम्म्या घरांना पाणी घालायचा. सोलापुरातल्या विहिरी त्याला आपल्या पोरांसारख्या नावानिशी ठाऊक. तो परातीजवळ उकिडवा बसला आणि पोट धरून हसला.

"अण्णा, ये क्या बामन हाय? दूधभात कैसा खायेंगा? इसकू हिलती चीज होना. जो हिलता नै, वो इसकू दिखताच नै."

"म्हणजे जिवंत?"

"हौ. नाकतोडा, केंचवा, झुरळ. तुम नक्को छूओ. मैं लाता."

तेव्हापासून नबीसाब रोज एका डबीत नाकतोडे आणि आडाच्या ओलीतली गांडुळं आणू लागला. घरची कामवाली गोजाबाई डबी बघून पदर नाकाला लावायची. नागप्पा मात्र शिकला. आडाचं पाणी अर्धा दिवस घागरीत निवू द्यायचं, मग परातीत घालायचं. वाळूवर गोणपाट, गोणपाटावर सावली. नाकतोड्याला दोऱ्यानं बांधून बेडकाच्या तोंडापुढं नाचवायचं. पहिल्या वेळी त्याचा हात एवढा थरथरला की नाकतोड्याला नाचवायची गरज पडली नाही.

लप्पकन आवाज झाला. नाकतोडा नाही. मग बेडकानं गिळलं, आणि गिळताना त्याचे दोन्ही डोळे डोक्यात आत गेले. खाली, टाळूपर्यंत. डोळ्यांनीच घास आत ढकलावा तसे. नागप्पा एक पाऊल मागं सरकला. नबीसाब म्हणाला, "सब बेडकां ऐसाच करते, अण्णा."

आत माजघरात सिद्धम्मानं विचारलं, "जेवलं का पावणं?"

"जेवलं."

"मग मलाबी वाढा."

अर्धी भाकरी, दह्यात कुस्करून. नागप्पा दारात उभा राहून एकेक घास मोजत होता. अर्धी भाकरी गेली आणि परत आली नाही.

नबीसाब म्हणाला होता, या हाडापेराचा बेडूक पावशेर भरायला पाहिजे, वीस तोळे. पहिल्या दिवशी तो भरला नवटाक. म्हणजे शेराचा आठवा हिस्सा, दहा तोळे. निम्मा. सिद्धम्माला रोजचं वजन ऐकायचं असे. तिची बाज माजघरात, तराजू सोप्यात, मधे भिंत. म्हणून नागप्पा बाजारातल्यासारखी हाक देई.

"सिद्धम्मा नागप्पा! पावणं! नवटाक पुरेपूर!"

आतून ती वजनांची टिकटिक ऐकायची, हाक ऐकायची, आणि हाक चांगली असली तर जेवायची.

३

आठ दिवस बेडूक खात होता आणि आठ दिवस नवटाकच भरत होता. नवव्या दिवशी तोळाभर उतरला.

नागप्पानं दांडी थांबेपर्यंत वाट पाहिली. पुन्हा तोललं. नऊ. त्यानं खरी हाक दिली, कारण खोटी हाक कशी देतात ते त्याला ठाऊकच नव्हतं. आतून ताट सरकवल्याचा आवाज आला.

"भूक न्हाय," सिद्धम्मा म्हणाली. तो दिवस गेला, रात्र गेली, ताट तसंच.

दहाव्या दिवशी मिलचा भोंगा झाला. नागप्पानं बेडूक पारड्यात ठेवला. आज साडेआठ. आत गोजाबाई सांगत होती, "अक्का, दोन घास तरी," आणि उत्तर येत नव्हतं. त्यानं नवटाकाचं वजन उचललं, मुद्दाम वाजेल असं ठेवलं. त्यावर एक तोळा ठेवला, टिक्. वजनांचं पारडं धाडकन खाली गेलं, बेडकाचं वर. आणि नागप्पा तोलारानं आयुष्यातली पहिली खोटी हाक दिली.

"सिद्धम्मा नागप्पा! पावणं! नवटाकावर लाभ!"

आतून ती म्हणाली, "वाढ गं गोजा."

नागप्पानं कपाळ पुसलं. वजनं काढायला हात पुढं केला आणि हात तसाच राहिला.

बेडकाचं पारडं खाली येत होतं. हळू. पाण्यात दगड सोडल्यासारखं नव्हे, कुणी बोटानं दाबत आणल्यासारखं. दांडी सरळ झाली. थांबली. ओल्या फडक्यातून वर आलेल्या त्या चपट्या डोक्यात दोन्ही डोळे आत गेले, आणि पुन्हा वर आले.

त्याच्या तोंडापुढं काही नव्हतं. आज अजून डबीच उघडली नव्हती.

४

हिशेबी माणूस आधी तराजूवर संशय घेतो. नागप्पानं पारडी आलटून पालटून बघितली, साखळ्या मोजल्या, दांडीची सुई तेलानं पुसली. साखर तोलली, सुपारी तोलली, चोख. मग म्हणाला, वारा असेल. बेडूक हलला असेल. ओलं फडकं पाणी धरतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही दारं लावून घेतली आणि 'नवटाकावर दोन' म्हणाला. दांडी आली. तिसऱ्या दिवशी तीन. आली.

एके दिवशी त्यानं हाक तोंडातल्या तोंडात पुटपुटून पाहिली. पारडं हललं नाही. मग नेहमीच्या आवाजात दिली. आत सिद्धम्मानं "ऐकलं" म्हटलं, आणि पारडं उतरलं. हेही रीतीला धरूनच होतं. ऐकणारा असल्याशिवाय हाक पुरी होत नाही.

बेडूक मात्र डोळ्यांना तसाच दिसत होता. तीच लोंबती कातडी, तीच वर आलेली हाडं. नाकतोडे तो अजून घ्यायचा, पण आता उपकार केल्यासारखा. उचलला की तळहात सांगायचा, तेरा तोळे. चौदा. डोळा म्हणायचा, आठ. पंचवीस वर्षांत नागप्पाचा डोळा आणि तळहात असे कधी भांडले नव्हते.

तर मग त्यानं थांबायला नको होतं का? हे विचारणं सोपं आहे. पण माजघरात सिद्धम्मा एक भाकरी खायला लागली होती, मग दीड. गालांवर लाली आली. एके दुपारी ती गोजाबाईला म्हणाली, "तुजी भाजी आळणी आस्ती बघ," आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ती कशावरून तरी भांडली याचा नागप्पाला एवढा आनंद झाला की तो दुकानात जाऊन हमालांना पेढे वाटून आला. चालता धंदा बंद करून कारण शोधत बसणारा व्यापारी अजून जन्माला यायचा आहे.

तरी त्याला चैन पडेना. दुकानात गादीवर बसला तर मांडी बदलायचा. गिऱ्हाईक बोलत असताना बोटं आपोआप हलायची, काहीतरी तोलत असल्यासारखी. दुपारी उगाच घरी चक्कर मारायचा; सोप्यात उभा राहून आवाज ऐकायचा. परातीत पाणी डुचमळल्याचा. बास. आणखी एक कुठला तरी आवाज असायचा घरात, रोजचा, आणि तो आता येत नव्हता. कोणता, ते त्याला आठवेना.

नबीसाबनं एक दिवस विचारलं, "कित्ता हुआ, अण्णा?"

"एकोणीस तोळे."

"ये?" भिस्ती हसला. "ये सूका पापड उन्नीस तोला? बुढापे में मस्करी?" त्यानं बेडूक उचलला. हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण त्यात माणूस राहिला नाही. त्यानं तो हळूच परातीत ठेवला, हात लुंगीला पुसला, पुन्हा पुसला.

"वजन हाय, अण्णा. पन इसका नै."

"मग कुणाचं?"

नबीसाबनं पखाल खांद्याला लावली. "मैं पानी डालनेवाला आदमी. मेरेकू क्या मालूम?" दारातून मागं न बघता म्हणाला, "कल से डबी बाहर के चौकट पे रखता. अंदर नै आता."

५

त्याच दिवशी दुपारी गोजाबाई सोप्यात येऊन उभी राहिली. खांबाला नख लावत.

"मालक, येक सांगू का? रागावू नगा."

"सांग."

"अक्का आता चांगल्या जेवत्यात. दोन भाकऱ्या. आज तिसरी मागितली. तोंड कसं भरलंय बघा की." ती थांबली. "पर सकाळी तेल लावाय बसले, कुशीवर करावं म्हनून हात घातला, तर उशी यावी तशा वर आल्या. माझ्या हातानं, मालक. माझं कोपर दुखतंय चार म्हयनं."

"म्हातारी झालीस तू."

"व्हय. म्हातारीला हलकं लागंल का जड लागंल?"

नागप्पा माजघराकडं वळला, आणि हरवलेला आवाज कोणता ते त्याला तेव्हा कळलं. सिद्धम्मा बाजेवर वळली. पायावरची गोधडी सारखी केली. उठून बसली. बाजेची सुंभाची दोरी कुरकुरली नाही.

"असं काय बघताय?" ती म्हणाली. गाल भरलेले, डोळे तजेलदार. कुणीही म्हणावं, बाई बरी झाली.

"काही नाही. चल, पडवीत नेतो. गार आहे तिकडं."

"मी चालते की."

"असू दे."

त्यानं हात घातले आणि उचललं. आणि लगेच खाली ठेवलं, कारण वर नेताना हातांनी लावलेला जोर जास्त झाला होता. ती हसली. "पोरीसारखं उडवताय काय मला!"

बावीस शेर.

तो दुकानात गेला. गुळाची एक ढेप उचलली. तळहात म्हणाला, बारा शेर. काट्यावर टाकली. बारा शेर. दुसरी, साडेअकरा. साडेअकरा. तळहात शाबूत होते. मग तो गादीवर बसला आणि त्याची बोटं आपोआप आकडेमोड करू लागली. आजारातून उठली तेव्हा चाळीस. आता बावीस. अठरा शेर गेले. बेडकाचं खरं वजन नवटाक धरलं, दहा तोळे; आज सकाळची हाक एकोणीस. नऊ तोळे आले.

तोळ्याला दोन शेर. भाव अगदी सरळ होता.

६

दुसऱ्या दिवशी त्यानं बेडूक तोललाच नाही. भोंगा झाला. तो सोप्यात येरझाऱ्या घालत राहिला.

"अहो?" आतून आवाज. "हाक न्हाय आली."

"आज तराजू दुरुस्तीला दिलाय."

"खोटं. साखळी वाजली आत्ता."

वाजली होती. परातीतून बेडूक कधी बाहेर आला त्याला दिसलं नाही; तो तराजूखाली बसला होता, रिकाम्या पारड्याकडं तोंड करून, आणि त्याचा गळा भरभर हलत होता.

ती जेवली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. लाली अशी उतरली जशी कच्च्या रंगाची साडी पाण्यात उतरते. तिसऱ्या दिवशी नागप्पानं ठरवलं, उलट फिरवून बघू. बेडूक पारड्यात ठेवला, एकोणीसाच्या जागी अठरा घातले.

"सिद्धम्मा नागप्पा! पावणं! पावशेराला दोन कमी!"

बेडकाचं पारडं वर गेलं. दांडी सरळ. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडं बाजेची दोरी कुरकुरली.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आत धावला. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. दोरी तिच्याखाली थोडी झुकलेली दिसत होती, दोन शेरांएवढी.

"कमी झालं," ती म्हणाली. "मला ठावं होतं. त्येबी न्हाय जगत, मीबी न्हाय."

"अगं, ते बेडूक आहे. तुझा त्याचा काय संबंध? खा दोन घास, माझ्यासाठी खा."

"घास जाईना तर काय करू? मी मुद्दाम करतेय काय?" ती रडली नाही. फार शांतपणे म्हणाली, आणि त्यानंच तो भ्याला. "तुमची हाक आली की भूक लागते. न्हाय आली की न्हाय लागत. मला तरी काय कळतंय त्यातलं?"

हाक वाढवावी तर ती वाऱ्यावर जाणार. कमी करावी तर उपाशी मरणार. बेडूक आडात टाकावा तर हाकच नाही. तीन दिवसांत काय झालं ते दिसलंच होतं. नागप्पा परसात गेला, सोप्यात आला, परत परसात गेला. डॉक्टरांच्या हिशेबानं अजून सोळा दिवस तिच्या पोटात रोज अन्न जायला हवं होतं. सोळा हाका. चढत्या.

बेडूक परातीत बसून त्याच्याकडं बघत होता. गिऱ्हाईक बघतं तसा, ज्याला घाई नाही.

७

वाट सुचली ती तोलारालाच सुचण्यासारखी होती.

हाकेत आधी मालकाचं नाव येतं. माल ज्याचा, घट त्याची. आणि मालाचा धनी बदलायला बाजारात काय लागतं? देणाऱ्यानं 'दिलं' म्हणायचं, घेणाऱ्यानं 'घेतलं'. बास, एवढंच.

तो बाजेपाशी बसला. "सिद्धम्मा, तुझं पावणं मला दे."

"काय?"

"मला दे म्हणतो. आजपासून माझं."

तिनं तोंड वळवलं. ओठ कोरडे पडले होते, तरी थट्टा सुटली नव्हती. "का? मला भाकरी जास्त लागतीय म्हणून?"

"तसंच समज. दिलंस?"

"घ्या की. आपल्यात तुझं-माझं कधी होतं?"

"दिलं म्हण."

"दिलं बाई, दिलं."

"घेतलं," नागप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. त्यानं पावशेराचं वजन ठेवलं, वाजवून. दांडीकडं न बघता हाक दिली, स्वतःच्या आणि बापाच्या नावाची.

"नागप्पा शिवपुत्र! पावणं! पावशेर पुरेपूर!"

माजघरात बाज अशी कर्रकन वाजली की गोजाबाई "आगं बया!" म्हणून ओरडली. मागोमाग सिद्धम्माचा आवाज आला, नेहमीचा, जड, झोपेतून उठल्यासारखा. "वाढ गं. भूक लागली."

नागप्पाला दुखलं नाही. उलट बरं वाटलं. पाठीवरचं पोतं कुणीतरी पाठीमागून अलगद उतरवून घ्यावं तसं. सोप्याची पायरी उतरताना त्याच्या चपलेचा आवाज झाला नाही, एवढंच.

दुकानात कुणी नसताना तो मोठ्या काट्याच्या पारड्यात बसला. तो भरदार माणूस, चौऱ्याऐंशी शेरांचा. आज चौसष्ट भरला. वीस गेले, तोळ्याला दोन, भाव तोच. त्यानं मनाशी मांडलं. आणखी पंधरा दिवस, पंधरा तोळे, तीस शेर. उरतात चौतीस. चौतीस शेरांचा नवरा काही वाईट नाही. दुकानात बसेल, बोलेल, शेजारी बसून बायकोला जेवताना बघेल. सोळावा दिवस झाला की बेडूक आडात, तराजू माळ्यावर.

परवडत होतं. त्या दुपारी तो महिन्यात पहिल्यांदा झोपला.

८

दुसऱ्या दिवशी पावशेरावर लाभ. मोठा काटा म्हणाला, बासष्ट. बरोबर.

तिसऱ्या दिवशी पावशेरावर दोन. काटा म्हणाला, छपन्न.

नागप्पानं वजनं उतरवली, पुन्हा चढवली. छपन्न. एका तोळ्याला सहा शेर. तो पारड्यात बसूनच राहिला. बाहेर हमाल गात होते, उन्हात रस्ता पांढरा पडला होता. भाव वाढला होता. आयुष्यभर तो ज्या व्यापाऱ्यांना हसला, गिऱ्हाईक अडलेलं दिसलं की भाव चढवणाऱ्यांना, त्यांच्यापैकी एकाच्या दुकानात आपण उभे आहोत हे त्याला तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी भोंग्याआधीच तो सोप्यात होता. बेडूक आपणहून पारड्यात जाऊन बसला होता, फडक्याशिवाय. तसाच वाळलेला, तसाच हाडकुळा. पारड्याच्या साखळ्या मात्र ताणून ताठ झालेल्या.

हाक द्यायची नाही, नागप्पानं ठरवलं. फक्त आज. एक दिवस विचार करू.

भोंगा झाला. आत पाटाचा आवाज आला. सिद्धम्मा आज बाजेवर नव्हती; उठून, चालत, चुलीपाशी गेली होती. तिच्या पावलांचे आवाज त्यानं ऐकले. दणदणीत नव्हते, पण होते. जमिनीला लागत होते.

"गोजा, आज मी थापते भाकरी," ती म्हणत होती. "तुजी कडेला जाड राहती." मग मोठ्यानं, भिंतीकडं, "ऐकताय का वो? वाट बघतोय आमी!"

आजचा सोडून अजून बारा दिवस. नागप्पानं वजन उचललं. ते त्याला जड लागलं, चिमूटभर पितळ.

"नागप्पा शिवपुत्र," त्यानं हाक दिली, आणि आवाज चांगला लागला, पूर्वीसारखा, गल्लीच्या टोकापर्यंत. "पावणं! पावशेरावर तीन!"

बेडकाचे डोळे आत गेले. या वेळी लगेच वर आले नाहीत. गळा एकदा फुगला, दुसऱ्यांदा फुगला. मोठा घास असावा तसा तो गिळत होता, गिळत होता, आणि नागप्पाला त्या मिटत्या तोंडाच्या फटीत काहीतरी दिसलं. क्षणभर. त्यानं मान वळवली. काय दिसलं ते त्यानं पुढं कुणाला सांगितलं नाही.

आत तव्यावर भाकरी पडली. बांगड्या वाजल्या.

तेवढ्यात गल्लीतून वैशाखातली वावटळ आली. रोज येते तशीच. पाचोळा, कागद, मातीचा एक उंच खांब, दारादारात डोकावत जाणारा. उघड्या दारातून ती सोप्यात शिरली. परातीतलं गोणपाट उडालं. नागप्पानं दोन्ही हातांनी दाराची कडी धरली. धोतर फडफडलं, सदरा फुगला, हात खांद्यापासून ताणले. पाय उंबऱ्यावर होते की नव्हते, ते त्यानं खाली बघितलं नाही.

"अहो," आतून सिद्धम्मानं विचारलं. तोंडात घास होता, आवाजात हसू. "उद्या किती भरंल वो?"

कडी हातात गच्च होती. वावटळ अजून गेली नव्हती.

"भरंल की," तो म्हणाला. "तू जेव."